फाटकावरची ड्युटी

“मामा, अजून एकदा! शेवटचं!” मी ओरडले, आणि शाळेच्या मैदानावर बसलेल्या चारशे पोरापोरींनी एका सुरात “अ-जू-न ए-क-दा” सुरू केलं. माझ्या बाजूने नाही हं. माझी फजिती पुन्हा बघायला मिळावी म्हणून.

माझ्या डोक्यावर मामाचं जादा हेल्मेट होतं, ते नाकापर्यंत येत होतं. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट होतं, ते गुडघ्यापर्यंत. गळ्यात पी.टी.च्या सरांची शिट्टी. आणि पायाशी होज, म्हणजे बंबाचा तो जाड कापडी पाइप, मी दोनदा उलटा पसरलेला.

तेव्हा मी सातवीत होते. एप्रिलचा अग्निशमन सप्ताह चालू होता आणि नगरपरिषदेचा बंब शाळेत प्रात्यक्षिक दाखवायला आला होता. बंबावरचा मुख्य फायरमन म्हणजे माझा सख्खा मामा, दिगंबर नारखेडे. गावाचं नाव सांगत नाही, मामा रागवेल. जळगावच्या पुढे, तापीकाठी, केळीच्या पट्ट्यातलं गाव, एवढं पुरे.

तीन वर्षं जर्मनीत राहून आम्ही जानेवारीत परत आलो होतो. बाबांना पुण्यात घर मिळेपर्यंत आई आणि मी मामाकडे. आणि मी आल्या आल्या वर्गात जाहीर करून टाकलं होतं की मी फायर ब्रिगेडमध्ये होते. खोटं नव्हतं ते! तिकडच्या आमच्या खेड्यात दहा वर्षांवरच्या मुलांची फायर ब्रिगेडची शाखाच असते. निळा-नारिंगी गणवेश, दर शुक्रवारी सराव. आमचा सराव घेणारी हाइके नावाची ताई एरवी पोस्टात कामाला होती. पण हे कुणाला पटणार? वर्गातली कांचन झोपे पहिल्याच दिवशी म्हणाली, “हो का? मग मी पण विमानात पायलट आहे. दर शुक्रवारी.” तेव्हापासून माझं नाव ‘जर्मन बंब’.

म्हणून मामाने प्रात्यक्षिकात “कोण येतं होज टाकायला?” असं विचारलं तेव्हा मी उडीच मारली. होज पसरायचा, एक टोक बंबाला जोडायचं, दुसऱ्याला नोझल, आणि समोर रचलेले तेलाचे रिकामे डबे पाण्याने पाडायचे. हे तर मी झोपेत करेन! मी धावत जाऊन होज भिरकावला, टोक बंबाला लावायला गेले, आणि ते बसेचना. दाबलं, फिरवलं, लाथ मारली.

“अगं बाई, ते आगीकडचं टोक आहे,” मामा म्हणाला. “होजला तोंड असतं नि शेपूट असतं.”

मला काही कळेना. तिकडे होजला तोंड-शेपूट नसतंच. दोन्ही टोकं अगदी सारखी. कशीही फेका, एकमेकांत घाला, फिरवा, खट्. मग मी दुसऱ्यांदा केलं आणि घाईत पुन्हा तेच टोक!

“जर्मनीत आग पण उलटी लागते का गं?” कांचन पहिल्या रांगेतून ओरडली.

म्हणून ते “अजून एकदा”. मधे मधे मामा स्वतः करून दाखवत होता, तेव्हा पाणी भसाभस उडत होतं, पोरं भिजून नाचत होती. ड्रायव्हर रऊफचाचा बंबाच्या बाजूचा काटा बघत म्हणाले, “दिगूभाऊ, पाव टाकी राहिली. बस करा.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी होज छातीशी धरून उभी होते. “जाताना भरून घेऊ,” तो म्हणाला. “घे बाई. शेवटचं.”

तिसऱ्यांदा जमलं! डबे धडाधड पडले. कांचनसुद्धा टाळ्या वाजवत होती. रऊफचाचांचं ते ‘पाव टाकी’ माझ्या कानावरून गेलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. टाकीचं एवढं काय? पाणी तर रस्त्याखाली असतं. तिकडे असतंच. प्रत्येक गल्लीत भिंतीवर एक छोटी पाटी, त्यावर आकडे, की इथून इतके मीटर डावीकडे झाकण आहे. झाकण उचला, पाइप बसवा, पाणी सुरू. बंबातली टाकी फक्त पहिल्या दोन मिनिटांपुरती.

मी वाकून सगळ्यांना नमस्कार करत होते, तेवढ्यात शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे पिवळट धूर दिसला. तिथे कापसाची जिनिंग होती, म्हणजे सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. आणि मामाचा मोबाइल वाजला. १०१ वर नाही, थेट मामाच्या मोबाइलवर! जिनिंगचा मॅनेजर. मामाने फक्त “आलो” म्हटलं.

“भरून जाऊ?” रऊफचाचांनी विचारलं. टाकी भरायची तर गावाच्या दुसऱ्या टोकाला, जलकुंभाकडे जावं लागे.

“वीस मिनिटं जातील. कापूस आहे, चाचा. चला तसंच.”

“आणि पाणी?”

“येईल,” मामा म्हणाला.

येईल? कुठून येईल? त्याने कुणाला फोन केला नाही, काही नाही. नुसता भोंगा सुरू केला आणि बंब बाजारातून वळसा घालून निघाला. मी मात्र मागच्या बोळातून पळाले. सर हाका मारत राहिले. मी थांबणार होते थोडीच? मी ब्रिगेडची!

मी आणि बंब जिनिंगच्या फाटकाशी एकाच वेळी पोचलो. मामाने खाली उतरता उतरता मला पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला.

“आत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन! फाटकावर उभी राहा!”

आता हे तुम्ही कसं ऐकाल? मला वाटलं, मामाने मला ड्युटी दिली.

आणि फाटकावरची ड्युटी म्हणजे काय, हे मला इतकं पाठ होतं, इतकं पाठ होतं, काय सांगू! हाइकेने शंभर वेळा घोटून घेतलेलं. बघे मागे. गाड्या मागे. वाट मोकळी. जो आपला नाही तो आत नाही. मी फाटकाच्या मधोमध पाय रोवले, हात पसरले आणि शिट्टी फुंकली.

आतलं सगळं मला दिसत होतं. डावीकडे कापसाची मोठी गंजी, दोन मजली घराएवढी, आणि तिच्या एका अंगाने आग चढत होती. उजवीकडे प्रेसची, म्हणजे गाठी दाबायच्या यंत्राची इमारत, तिच्यात गाठी रचलेल्या. मधल्या चिंचोळ्या जागेत मामा होज धरून उभा. आग प्रेसवर जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याला करायचं होतं. कामगार बायका बाहेर पळून येण्याऐवजी गोणपाटं भिजवून गंजीच्या दुसऱ्या अंगाचा कापूस ओढत होत्या. त्यांना कुणी बाहेर का काढत नाही, हे मला कळेना. तिकडे असं चालत नाही!

आणि रस्त्याने गाड्या येऊ लागल्या. एक पाण्याचा टँकर. त्याच्या मागे दुसरा. त्याच्या मागे केळीवर औषध फवारायचा ट्रॅक्टर, मागे मोठी पिवळी टाकी.

मी शिट्टी फुंकली. “मागे! मागे घ्या!”

पहिल्या टँकरवाल्याने खिडकीतून मान काढली. “ताई, आत जाऊ द्या.”

“नाही! वाट मोकळी ठेवायची. दुसरा बंब आला तर जाणार कुठून?”

“दुसरा बंब?” तो गोंधळला. “तो शेजारच्या तालुक्याहून येईल, पाऊण तासाने.”

“तोवर मोकळी ठेवायची!”

त्याने माझं हेल्मेट पाहिलं. जाकीट पाहिलं. शिट्टी पाहिली. “दिगूभाऊंनी उभं केलंय का तुम्हाला?”

“हो,” मी म्हणाले. आणि ते खरं होतं, नाही का?

“मग काही असेल बुवा त्यांचं,” असं म्हणून त्याने इंजिनच बंद केलं. मागच्याने हॉर्न वाजवला तर हाच खाली उतरून त्याला सांगू लागला, “थांब भो, ब्रिगेडची पोरगी थांब म्हणू राहिली.” मला इतका अभिमान वाटला! तीन महिन्यांत पहिल्यांदा माझं कुणीतरी ऐकत होतं. मोठी माणसं. मिशीवाली!

मधे मधे मी रस्त्यावर झाकणही शोधत होते. मामा अजून पाइप का बसवत नाही, याची मला काळजी वाटू लागली होती. फाटकाजवळ एक झाकण दिसलं. मी एका आजोबांना म्हटलं, “हे उघडा ना, याच्यात पाणी असेल.” ते म्हणाले, “असेल बाई, पण त्याचा वास येईल.” गटाराचं होतं.

तेवढ्यात रांगेतल्या शेवटच्या टँकरमधून एक बाई उतरली आणि पदर खोचत तरातरा पुढे आली. द्वारकाबाई कोल्हे. गावात लग्न असो, तेरावं असो, पाणी तिच्याच टँकरचं. मी तिला ओळखत होते, ती मामाच्या गल्लीतली.

“कोण अडवून राहिलं रे?”

“ही. बंबवाली.”

“बंबवाली कुठली! ही नारखेडेंची भाची.” ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बाई, माझ्या टाकीत काय आहे?”

“पाणी.”

“आणि आत काय लागलं?”

“आग.”

“मग मधे तू कशाला?”

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं पाठ केलेलं उत्तर होतं. “पण मावशी… पाणी तर जमिनीतून येतं ना? मामा आता—”

मी बोट दाखवायला वळले आणि मामाच्या हातातल्या पाण्याची धार वाकली. आधी कमानीसारखी झाली, मग त्याच्या पायाशी आली, मग नुसतीच ठिबकू लागली. होज जमिनीवर चपटा पडला. मामाने मागे वळून फाटकाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, रस्त्याकडे. धुरातून काहीतरी शोधत होता, पण त्याला दिसलं नसावं.

कापसावरून आग चढत नाही, पळते. हे मी तेव्हा पाहिलं. गंजीच्या अख्ख्या अंगावरून एक पिवळी लाट सर्रकन आली. मामाने उजवा हात तोंडासमोर धरला. मग मला तो दिसेना.

मला द्वारकाबाईने जाकिटाला धरून उचललं आणि भिंतीशी ठेवलं. शब्दशः ठेवलं, हंडा ठेवतात तसं. “घाल रे आत!” ती ओरडली. एकामागून एक सगळे आत घुसले. रऊफचाचांनी टँकरचा पाइप बंबाच्या टाकीत सोडला, फवारणीचा ट्रॅक्टर थेट प्रेसच्या भिंतीवर पाणी मारू लागला, कुणीतरी जेसीबी आणला, त्याने गंजीचे दोन भाग केले. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं आणि तरी प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं. मी भिंतीशी उभी होते आणि शिट्टी अजून माझ्या तोंडातच होती.

प्रेस वाचली. गंजी गेली. कुणी मेलं नाही. मामाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि अर्धा कान.

चौथ्या दिवशी मामाला दवाखान्यात नोटीस आली. टाकी अपुरी असताना बंब घटनास्थळी नेला. प्रात्यक्षिकात पाणी वाया घालवलं. घटनास्थळी पाणी खंडित झाल्याने आग वाढली. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा निलंबन. मामी मोसंबी सोलत होती, तिने सालं पिशवीत कोंबली आणि म्हणाली, “हात जाळून घेतला ते नाही दिसलं साहेबाला?”

“लिही गं,” मामा मला म्हणाला. त्याचा हात पांढऱ्या बँडेजमध्ये, उशीवर ठेवलेला. “तुझ्या हाताला मराठी अक्षराची सवय होईल.”

मी वही उघडली. ‘मा. मुख्याधिकारी यांस.’ मामा सांगत होता, मी लिहीत होते. प्रात्यक्षिकात पाणी वापरलं ते माझ्या जबाबदारीवर. भरायला गेलो असतो तर वीस मिनिटं गेली असती. इथवर ठीक चाललं होतं. मग तो मधेच थांबला आणि विचारू लागला, “पूर्वा, तुझ्या त्या जर्मनीत बंबाची टाकी केवढी गं?”

“छोटीच. पाणी रस्त्याखालून येतं ना.”

“रस्त्याखालून? सगळीकडे? खेड्यात पण?”

“हो.”

“वा रे वा. आणि फायरमन किती पगारी?”

“एकही नाही. सगळे गावातलेच. बेकरीवाला, पोस्टातली बाई. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावत येतात.”

मामाला हसू आलं, मग हात दुखला म्हणून त्याने तोंड वाकडं केलं. “म्हणजे तिकडे पाणी सरकारचं आणि माणसं गावची. आपलं उलटं बघ. माणसं सरकारची आणि पाणी गावचं. भोंगा तोच.”

माझं पेन थांबलं. चार दिवस माझ्या डोक्यात सगळं गरगरत होतं, कोण चुकलं, काय चुकलं, हाइकेने सांगितलेलं चुकीचं कसं असेल. आणि मामाने हसत हसत एका वाक्यात सांगून टाकलं की मी त्या दिवशी फाटकावर कुणाला अडवलं होतं.

“पुढचं लिही,” मामा म्हणाला. “टँकर येण्यास विलंब झाला, कारण… काय लिहू कारण? ती द्वारकाबाई कधी उशीर करत नाही. बाजारातून भोंगा वाजवत आणला बंब, ऐकू गेला नसेल असं होणार नाही. रऊफचाचाला विचारलं तर म्हणतो मला माहीत नाही. तिला विचारायला पाठवलं तर म्हणते, घरात विचारा.”

घरात विचारा! म्हणजे ती मला वाट करून देत होती. किंवा कोंडीत पकडत होती. मला आजही कळलेलं नाही.

मी लिहिलं. मामाने सांगितलेलं नाही, माझं. मग वही त्याच्यासमोर धरली. ‘टँकर वेळेवर आले होते. ते फाटकावर थांबवण्यात आले. ते मी थांबवले.’

मामाने वाचलं. मामीने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि तिच्या हातातली फोड तशीच राहिली.

“किती वेळ?” मामाने विचारलं.

“सात मिनिटं असतील.”

त्याने बँडेजकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मला वाटलं, आता डाव्या हाताने एक ठेवून देणार. द्यावी, असंही वाटलं.

“चार दिवस,” तो म्हणाला, “चार दिवस मी त्या द्वारकाबाईला मनातल्या मनात शिव्या घालतोय.” “फाटकावर तुला कुणी उभं केलं?”

“तू. म्हणजे तू तसं म्हणाला नव्हतास, पण—”

“काय म्हणालो होतो?”

“फाटकावर उभी राहा.”

“मग तेही लिही. काम न सांगता पोर उभी केली, ही माझी चूक. न विचारता शिट्टी फुंकली, ही तुझी. वेगवेगळ्या ओळीत लिही, एकमेकांत कालवू नको.”

“आणि तिसऱ्यांदा पाणी उडवलं ते? ते माझ्यामुळे.”

“ते माझंच. मी हो म्हणालो.”

“पण मी मागितलं!”

“ठरवा आधी,” मामी रडत रडत ओरडली, “कागद एकच आहे!”

मामाने डाव्या हाताने सही केली, बालवाडीतल्यासारखी. तिच्याखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं. “साहेबाकडे नेण्याआधी द्वारकाबाईला वाचून दाखव,” तो म्हणाला. “तिचं नाव आहे त्यात.”

ती जलकुंभाखाली टँकर भरत होती. पाण्याच्या आवाजात मी मोठमोठ्याने वाचलं, सगळं, पहिल्या ओळीपासून. तिने ऐकलं, तोटी बंद केली.

“एक चुकलं,” ती म्हणाली. “मी सात मिनिटं थांबले असं होऊ राहिलं त्यात. मी एवढी कुणासाठी थांबत नाही. मिशीवाले थांबले ते लिही. मी आले नि तुला उचललं.”

मी बॉनेटवर वही ठेवून दुरुस्त केलं.

“बस वर,” ती म्हणाली. “साहेबाकडे सोडते.”

साहेबांनी खुलासा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पायांत चप्पल, दोन वेण्या, आज हेल्मेट नव्हतं.

“ही पूर्वा भारंबे कोण?”

“मी.”

“हे मामाने लिहायला लावलं?”

“नाही. म्हणजे अर्धं.”

त्यांनी समासात लाल पेनाने ‘सक्त ताकीद देऊन प्रकरण बंद’ असं लिहिलं आणि फाईल शिपायाकडे दिली. मग ते मागे रेलून बसले आणि दारात उभ्या असलेल्या द्वारकाबाईला विचारलं, “आता यापुढे अशा वेळी फाटकावर कुणाला उभं करायचं, तेही ठरवावं लागेल. तुमचं काय मत?”

“कुणाला नाही,” द्वारकाबाई म्हणाली. “फाटक उघडं ठेवा.”